सागरतळाच्या गाळाची साधनचिकित्सा : नमुना-शुद्धीकरणाच्या पद्धतींचा इतिहास (१८७२ ते २०१५)

प्रस्तावना

इतिहासलेखनात साधनचिकित्सेला पायाभूत स्थान आहे. कागद हाती आला की तो अस्सल आहे की नक्कल, त्यावर मागाहून कोणी मजकूर घातला आहे काय, त्याची तारीख विश्वसनीय आहे काय, हे प्रश्न इतिहासकार प्रथम विचारतो. त्यांची उत्तरे मिळाल्याशिवाय तो कागदातील मजकुराकडे वळत नाही. बहिरंग परीक्षण आणि अंतरंग परीक्षण या नावांनी ही शिस्त परिचित आहे.

पृथ्वीच्या इतिहासातील ज्या काळाबद्दल मानवाने एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही, त्या काळाचा अभ्यास करणाऱ्यांनाही हीच अडचण येते. वीस हजार किंवा दोन लाख वर्षांपूर्वी महासागराचे पाणी किती उष्ण होते, त्यात पोषकद्रव्ये किती होती, ते किती आम्लधर्मी होते, याची साक्ष सागरतळाच्या गाळात साठलेली असते. मात्र ती साक्ष निर्भेळ नसते. गाळातील सूक्ष्म कवचांवर चिकणमाती चिकटलेली असते, लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांचे पापुद्रे चढलेले असतात, जैव पदार्थांचे अवशेष अडकलेले असतात. मूळ मजकुरात मागाहून घुसलेल्या प्रक्षेपांसारखेच हे आहे. प्रक्षेप दूर केल्याशिवाय मूळ पाठ वाचता येत नाही, आणि ते दूर करताना मूळ पाठाचाही काही अंश खरवडला जाण्याचा धोका असतो.

प्राचीन सागराच्या रसायनाविषयीचे निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत पोचले आहेत. परंतु हे निष्कर्ष ज्या धुण्याच्या, चाळण्याच्या आणि निवडण्याच्या कामावर उभे आहेत, त्याचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत गाळाचे नमुने तयार करण्याच्या पद्धती कशा घडत गेल्या, याचा आढावा घेतला आहे. पद्धती बदलल्या तेव्हा केवळ अचूकता वाढली असे नाही, तर काही प्रसंगी सागराचा इतिहासच बदलला, हे दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

गाळ हे साधन कसे झाले ?

सागरतळाच्या गाळाचा पद्धतशीर अभ्यास ब्रिटिश जहाज 'चॅलेंजर' याच्या मोहिमेपासून सुरू झाला असे मानले जाते. वायव्हिल थॉमसन यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १८७२ मध्ये निघालेली ही मोहीम मे १८७६ मध्ये इंग्लंडला परतली. तिच्यात जमवलेल्या गाळाचे वर्गीकरण जॉन मरे आणि आल्फोन्स रेनार यांनी केले आणि त्यांचा ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. खोल समुद्राच्या तळाचा फार मोठा भाग फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या चुनेदार कवचांनी आच्छादलेला आहे, ही गोष्ट या अभ्यासाने सर्वमान्य झाली. यांपैकी काही जाती पृष्ठभागाजवळ तरंगतात व मेल्यावर त्यांची कवचे तळाशी पडतात, तर काही जाती तळावरच राहतात. त्यामुळे एकाच चिमूटभर गाळात पृष्ठभागाच्या पाण्याची आणि तळाच्या पाण्याची अशी दोन स्वतंत्र साक्ष मिळू शकते. पुढील सर्व इतिहासात ही बाब निर्णायक ठरली.

परंतु 'चॅलेंजर'वरील उपकरणे प्रामुख्याने वरच्या थरातील गाळ आणत असत. कालक्रम हवा असेल तर थर न विस्कटता उभा नमुना काढणे आवश्यक होते. १९२५ ते १९२७ या काळात जर्मन जहाज 'मेटिऑर'ने अटलांटिक महासागरातून आणलेल्या, सुमारे मीटरभर लांबीच्या नमुन्यांचा अभ्यास व्होल्फगांग शॉट यांनी केला. १९३५ मध्ये त्यांनी दाखवले की, उष्ण पाण्यात राहणारी एक जाती वरच्या थरात आढळते, त्याखालील थरात ती नाहीशी होते आणि आणखी खाली पुन्हा दिसते. मधला थर हिमयुगाचा होता. सागराच्या गाळाला कालक्रम आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

यानंतरचा टप्पा स्वीडनमध्ये गाठला गेला. बोर्ये कुलेनबर्ग यांनी नळीच्या आत दट्ट्या बसवलेले उपकरण तयार केले. नळी गाळात घुसताना दट्ट्या गाळाच्या पृष्ठभागाशी स्थिर राहतो, त्यामुळे नळीतील घर्षणाने गाळ दाबला जात नाही आणि दहा मीटरांहून लांब नमुना मिळू शकतो. हान्स पेटर्सन यांच्या नेतृत्वाखालील 'अल्बाट्रॉस' मोहिमेने (१९४७-४८) या उपकरणाच्या साहाय्याने जगभरच्या महासागरांतून असे नमुने गोळा केले. त्याच सुमारास अमेरिकेत मॉरिस युइंग यांच्या लॅमाँट वेधशाळेनेही नमुन्यांचा मोठा संग्रह उभारण्यास प्रारंभ केला. या संग्रहांना दप्तरखान्यांचेच महत्त्व आहे. त्यांतील अनेक नमुन्यांचे वाचन ते गोळा झाल्यानंतर कित्येक वर्षांनी झाले.

साठवणीतही साधन बिघडू शकते, ही बाब येथे नोंदवणे आवश्यक आहे. ओल्या गाळातील पायराइट या लोह-गंधक खनिजाचा हवेशी संपर्क आला की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन आम्ल तयार होते आणि ते चुनेदार कवचे विरघळवू लागते. म्हणूनच नमुने हवाबंद वेष्टनात व थंड जागी ठेवण्याची प्रथा पडली. वाळवी लागलेल्या दप्तराची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे.

हेलियमची भट्टी आणि फॉस्फरिक आम्ल

कवचांच्या रसायनातून प्राचीन तापमान काढता येईल, ही कल्पना हॅरॉल्ड युरी यांची. ऑक्सिजनच्या १८ आणि १६ या वस्तुमानांच्या समस्थानिकांचे कवचातील प्रमाण पाण्याच्या तापमानानुसार किंचित बदलते, असे त्यांनी १९४७ मध्ये सैद्धांतिक गणिताने मांडले. हे प्रमाण प्रत्यक्ष मोजण्याचे काम शिकागो विद्यापीठातील त्यांच्या गटाने केले. सॅम्युएल एपस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांचे या विषयावरील मूलभूत लेख १९५१ आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले.

या गटापुढील पहिली अडचण नमुना तयार करण्याचीच होती. शुद्ध फॉस्फरिक आम्लाची क्रिया घडवली की कवचातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तो मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये मोजता येतो. परंतु कवचात जैव पदार्थही असतात आणि त्यांच्यामुळे मापन बिघडते. यावर उपाय म्हणून कवचांची पूड हेलियम वायूच्या प्रवाहात तापवून जैव पदार्थ घालवण्याची रीत त्यांनी बसवली. तापमानाचे समीकरण या प्रक्रियेतून गेलेल्या नमुन्यांवर आधारलेले होते. म्हणजे समीकरण आणि शुद्धीकरण हे प्रारंभापासूनच एकमेकांत गुंतलेले होते. एका पद्धतीने शुद्ध केलेल्या नमुन्यांवरून बसवलेले समीकरण दुसऱ्या पद्धतीने शुद्ध केलेल्या नमुन्याला लावणे धोक्याचे असते. हा धडा पुढे पुन्हा एकदा शिकावा लागला.

युरी यांच्या गटातील चेझारे एमिलियानी यांनी ही पद्धत खोल समुद्राच्या नमुन्यांना लावली. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात हिमकाल आणि आंतरहिमकाल यांची एकामागून एक येणारी आवर्तने स्पष्ट दिसली. प्लाइस्टोसीन काळात मोजकीच चार हिमयुगे झाली, ही आल्प्स पर्वतातील अभ्यासावर आधारलेली रूढ समजूत त्यामुळे डळमळीत झाली. कवचांतील बदलाचा बहुतांश भाग पृष्ठभागाच्या तापमानातील बदल दर्शवतो, असा एमिलियानी यांचा अर्थ होता. त्यांच्या हिशेबाने उष्ण कटिबंधातील अटलांटिकचे पाणी हिमकालात सुमारे ६ अंश सेल्सिअसने थंड झाले होते.

हा अर्थ पुढे बदलला, आणि तो बदलण्यामागे नमुन्याच्या आकाराचा प्रश्न होता. त्या काळच्या उपकरणांना काही मिलिग्रॅम चुना लागत असे. तरंगणाऱ्या जातींची शेकडो कवचे निवडून ते वजन भरता येई. पण तळावर राहणाऱ्या जातींची कवचे गाळात फार थोडी असतात, त्यामुळे त्यांच्याकडे वळणे कठीण होते. केंब्रिज विद्यापीठात निकोलस शॅकलटन यांनी मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सुधारणा करून अत्यल्प नमुन्यावर अचूक मापन करण्याची सोय केली. तळावरच्या जातींची कवचे मोजल्यावर असे दिसले की, त्यांच्यातील बदलही जवळजवळ तेवढाच आहे. तळाचे पाणी आजही गोठणबिंदूच्या जवळ असते, ते आणखी पाच-सहा अंशांनी थंड होणे शक्य नाही. तेव्हा बदलाचा मोठा भाग तापमानाचा नसून जमिनीवर साठलेल्या बर्फाचा असला पाहिजे. हलक्या ऑक्सिजनचे पाणी बर्फात अडकल्यामुळे उरलेला सागर जड ऑक्सिजनने समृद्ध होतो. शॅकलटन यांनी १९६७ मध्ये हा निष्कर्ष मांडला.

या मतभेदाचे पर्यवसान महत्त्वाचे ठरले. बर्फाचे प्रमाण सर्व महासागरांत एकाच वेळी उमटत असल्यामुळे समस्थानिकांचा आलेख जगभरच्या नमुन्यांचा कालक्रम जुळवण्याचे साधन बनला. १९७३ मध्ये शॅकलटन आणि नील ओपडाइक यांनी पश्चिम पॅसिफिकमधील एका नमुन्यात तो चुंबकीय कालगणनेशी जोडला. १९७६ मध्ये जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि शॅकलटन यांनी पृथ्वीच्या कक्षेतील बदल हिमयुगांच्या आवर्तनाची लय ठरवतात, असे दाखवले. त्यासाठी त्यांनी वापरलेले दोन्ही नमुने दक्षिण हिंदी महासागरातील होते.

चाळणीचा निर्णय

येथपर्यंतच्या वर्णनात एक पायरी गृहीत धरली होती. ती म्हणजे गाळातून कवचे वेगळी करणे. प्रयोगशाळांत रूढ झालेली रीत साधारणतः अशी आहे. गाळ प्रथम गोठवून किंवा मंद उष्णतेवर वाळवतात, मग पाण्यात भिजवून सैल करतात आणि ६३ मायक्रोमीटर छिद्रांच्या चाळणीवर पाण्याच्या हलक्या धारेखाली धुतात. चिकणमाती आणि बारीक कण निघून जातात व चाळणीवर वाळूच्या आकाराची कवचे उरतात. ती वाळवून पुन्हा निरनिराळ्या चाळण्यांतून काढतात. ठराविक आकाराच्या गटातून एकाच जातीची कवचे सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बारीक कुंचल्याने एकेक करून वेचतात. एका नमुना-स्तंभातील शेकडो थरांसाठी हे काम करावयाचे म्हटले तर महिने लागतात.

हे काम यांत्रिक वाटले तरी त्यातील प्रत्येक पायरी हा एक निर्णय असतो. गाळ सुटा करण्यासाठी वापरली जाणारी काही रसायने कॅल्शियमशी संयोग पावतात आणि नाजूक कवचांची झीज करू शकतात. वेगवेगळ्या आकारांच्या कवचांत मूलद्रव्यांचे व समस्थानिकांचे प्रमाण सारखे नसते, म्हणून आकाराचा गट अरुंद ठेवावा लागतो. हिमयुगातील सागराचा नकाशा तयार करणाऱ्या 'क्लायमॅप' या प्रकल्पात (मुख्य प्रकाशने १९७६ व १९८१) सुमारे १५० मायक्रोमीटरहून मोठ्या कवचांचीच गणना झाली. त्याहून लहान जाती अर्थातच त्या गणनेबाहेर राहिल्या. जनगणनेत कोणत्या घराला उंबरा मानावयाचा, यावर लोकसंख्येचा आकडा अवलंबून असतो, तसेच हे आहे.

शिवाय चाळणीखाली वाहून जाणारे पाणी निरुपयोगी असते असे नाही. कोकोलिथ या सूक्ष्म वनस्पती-प्लवकांच्या चकत्या त्या बारीक भागातच असतात. त्याच गटातील प्लवक तयार करीत असलेल्या अल्केनोन या मेदसदृश रेणूंवरून पृष्ठभागाचे तापमान काढता येते, हे १९८६ मध्ये सायमन ब्रासेल व सहकाऱ्यांनी दाखवले. एका अभ्यासकाने मोरीत सोडलेला भाग दुसऱ्या अभ्यासकाचे मुख्य साधन असू शकतो.

कॅडमियम आणि शुद्धीकरणाची शिस्त

समस्थानिकांकडून मूलद्रव्यांच्या लेशमात्र प्रमाणांकडे लक्ष वळले तेव्हा शुद्धीकरणाचा प्रश्न तीव्र झाला. १९७० च्या दशकात सागरी पाण्यातील धातूंच्या मापनात मोठी सुधारणा झाली. जहाज, बाटल्या, हवा आणि हातमोजे यांतून येणारे प्रदूषण काटेकोरपणे टाळल्यावर धातूंची खरी प्रमाणे दिसू लागली. शिसे मोजण्याच्या संदर्भात क्लेअर पॅटरसन यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये घालून दिलेली स्वच्छ प्रयोगशाळेची शिस्त या सुधारणेला मार्गदर्शक ठरली. १९७६ मध्ये एडवर्ड बॉइल व सहकाऱ्यांनी दाखवले की, सागरातील कॅडमियमचे वितरण फॉस्फेटच्या वितरणाशी जवळून जुळते. फॉस्फेट हे पोषकद्रव्य आहे आणि जुन्या, दीर्घकाळ खोलवर राहिलेल्या पाण्यात ते अधिक असते. म्हणून प्राचीन तळाच्या पाण्यातील कॅडमियम कळले तर त्या काळी खोल पाणी कसे वाहत होते, हेही कळू शकते.

तळावरच्या फोरामिनिफेरांच्या कवचात कॅडमियम असते, पण अतिशय कमी. कॅल्शियमच्या साधारणतः पन्नास लाख ते दोन कोटी अणूंमागे कॅडमियमचा एक अणू, असे हे प्रमाण आहे. त्याच्या तुलनेत कवचावरील मळात कितीतरी अधिक धातू असू शकतो. लाखाच्या हिशेबात एक दमडीची चूक शोधावयाची आणि हिशेबवहीवरच नाणी सांडलेली, अशी ही अवस्था होती.

बॉइल यांनी १९८१ मध्ये आणि पुढे लॉइड केग्विन यांच्यासमवेत केलेल्या कामात यावर क्रमवार उपाय बसवला. प्रथम कवचे दोन काचपट्ट्यांमध्ये हलकेच दाबून फोडतात, म्हणजे कप्प्यांत अडकलेली माती मोकळी होते. तुकडे शुद्ध पाण्यात आणि मिथेनॉलमध्ये श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने वारंवार धुतात व वर तरंगणारी माती काढून टाकतात. त्यानंतर हायड्राझीन, अमोनिया आणि सायट्रेट यांच्या उष्ण द्रावणात क्षपणाची पायरी होते, तिने लोह-मँगनीजचे पापुद्रे विरघळतात. पुढे अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइडने जैव पदार्थ नष्ट करतात. शेवटी अतिविरल नायट्रिक आम्लाने तुकड्यांचा पृष्ठभाग क्षणभर खरवडतात आणि उरलेला चुना मोजणीसाठी विरघळवतात. या प्रक्रियेत नमुन्याचा बराच भाग खर्ची पडतो.

पुरेसे शुद्धीकरण झाले हे कसे ओळखावयाचे ? याला दोन कसोट्या होत्या. शुद्धीकरण पुढे वाढवूनही प्रमाण घटेनासे झाले पाहिजे, ही पहिली. गाळाच्या सर्वांत वरच्या, म्हणजे जवळजवळ आजच्या थरातील कवचांचे प्रमाण त्या ठिकाणच्या पाण्यातील प्रत्यक्ष मोजलेल्या कॅडमियमशी जुळले पाहिजे, ही दुसरी. पहिली कसोटी अंतरंग परीक्षणाची आणि दुसरी स्वतंत्र साधनाशी पडताळा घेण्याची, असे इतिहासाच्या भाषेत म्हणता येईल.

ही शिस्त पाळल्यावर १९८२ मध्ये बॉइल आणि केग्विन यांनी उत्तर अटलांटिकच्या गेल्या दोन लाख वर्षांच्या खोल प्रवाहांचा इतिहास प्रसिद्ध केला. हिमकालात उत्तर अटलांटिकच्या खोल पाण्यात पोषकद्रव्ये आजच्यापेक्षा अधिक होती, म्हणजे उत्तरेकडून खोलवर जाणाऱ्या पाण्याचा वाटा घटला होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. सागरी अभिसरण बदलू शकते ही गोष्ट हवामानशास्त्राच्या केंद्रस्थानी आणण्यात या कामाचा वाटा मोठा आहे.

या पद्धतीची मर्यादाही बॉइल यांनीच दाखवून दिली. गाळात पुरल्या गेलेल्या कवचांवर कधीकधी मँगनीज कार्बोनेटचा थर वाढतो. तो स्वतःच कार्बोनेट असल्यामुळे वरील कोणतीही पायरी कवचाला धक्का न लावता तो पूर्णपणे काढू शकत नाही. १९८३ मधील या निरीक्षणानंतर प्रत्येक नमुन्याबरोबर मँगनीजही मोजण्याची आणि ते ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास नमुना संशयास्पद मानण्याची प्रथा पडली. बेरियमच्या मापनासाठी डेव्हिड ली आणि बॉइल यांनी बेराइट हे खनिज विरघळवणारी आणखी एक पायरी जोडली. प्रत्येक नव्या प्रश्नाबरोबर मळाची व्याख्या नव्याने करावी लागते, हे यावरून दिसते.

मॅग्नेशियम : एका पायरीची किंमत

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांचे गुणोत्तर हे तापमानाचे स्वतंत्र मापक म्हणून पुढे आले. डिर्क न्यूर्नबर्ग व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या फोरामिनिफेरांवरून पाणी तापले की कवचातील मॅग्नेशियम वाढते, हे दाखवले. तरंगणाऱ्या जातींसाठी हे प्रमाण दर अंश सेल्सिअसला साधारणतः ९ टक्क्यांनी वाढते. या मापकाचे मोल असे की, त्याच कवचांतील ऑक्सिजन समस्थानिकांमधून तापमानाचा वाटा वजा करता येतो आणि पाण्याचा स्वतःचा बदल वेगळा काढता येतो. एमिलियानी आणि शॅकलटन यांच्यातील मतभेदाचा प्रश्न एकाच कवचावर सोडवण्याची ही सोय होती.

मॅग्नेशियमच्या बाबतीत दोन संकटे होती. चिकणमातीत मॅग्नेशियम भरपूर असते, त्यामुळे अपुरे धुतलेले कवच खोटे उष्ण तापमान दाखवते. उलट, तीव्र रासायनिक शुद्धीकरणाने कवच अंशतः विरघळते, आणि विरघळताना मॅग्नेशियमयुक्त भाग आधी जातो, त्यामुळे तापमान खोटे थंड दिसते. केंब्रिज येथील स्टीफन बार्कर, मर्विन ग्रीव्हज आणि हेन्री एल्डरफिल्ड यांनी २००३ मध्ये शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीचा परिणाम स्वतंत्रपणे मोजला. माती काढून टाकणे हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, असे त्यांना आढळले. क्षपणाच्या पायरीने मात्र मॅग्नेशियमचे प्रमाण लक्षणीय रीतीने घटत होते.

ही घट सुमारे १० टक्के धरली तर तापमानात जवळजवळ एका अंशाचा फरक पडतो. शेवटच्या हिमकालात उष्ण कटिबंधीय सागर किती थंड झाला होता, या वादातील आकडेच मुळी दोन-तीन अंशांच्या आसपासचे होते. 'क्लायमॅप'ने उष्ण कटिबंधात अल्प घट दाखवली होती, तर अन्य काही पुरावे अधिक घट सुचवत होते. कार्बन डायऑक्साइडमधील बदलाला पृथ्वीचे हवामान किती तीव्र प्रतिसाद देते, या आजच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी हे आकडे वापरले जातात. तेव्हा परीक्षानळीतील एका पायरीची किंमत प्रयोगशाळेपुरती राहत नाही. यायर रोझेनथाल व अनेक देशांतील सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एकच नमुने निरनिराळ्या प्रयोगशाळांना देऊन केलेल्या तुलनेतही शुद्धीकरणाच्या रीतीनुसार पडणारा फरक पुढे आला. त्यानंतर कोणत्या पद्धतीने शुद्धीकरण केले हे स्पष्ट नोंदवणे, मातीची व पापुद्र्यांची खूण म्हणून ॲल्युमिनियम, लोह व मँगनीज मोजणे आणि त्याच रीतीने शुद्ध केलेल्या नमुन्यांवरचे समीकरण वापरणे, हे संकेत रूढ होत गेले.

बोरॉनच्या समस्थानिकांवरून प्राचीन सागराची आम्लता काढण्याच्या पद्धतीत तर प्रयोगशाळाच संशयित ठरली. साधी प्रयोगकाच बोरोसिलिकेटची असते आणि हवा गाळणाऱ्या नेहमीच्या गाळण्यांच्या काचतंतूंतही बोरॉन असते. म्हणून या कामासाठी प्लॅस्टिकची भांडी आणि बोरॉनमुक्त गाळण्या वापराव्या लागतात.

मळाचे साधनात रूपांतर

या इतिहासातील सर्वांत उद्बोधक वळण निओडिमियमच्या अभ्यासात आढळते. या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे प्रमाण प्रत्येक महासागराच्या पाण्यात वेगळे असते, कारण ते भोवतालच्या खडकांच्या वयावर अवलंबून असते. त्यामुळे त्यावरून पाण्याचे मूळ ओळखता येते. तळाच्या पाण्यातील निओडिमियम लोह-मँगनीजच्या पापुद्र्यांत साठते. बॉइल यांनी कॅडमियमसाठी जे पापुद्रे प्रयत्नपूर्वक धुऊन टाकले होते, तेच येथे मूळ दस्तऐवज ठरले. २००० मध्ये रँडी रटबर्ग व सहकाऱ्यांनी दक्षिण अटलांटिकच्या गाळातून हे पापुद्रे रासायनिक रीतीने वेगळे काढून हिमकालात उत्तरेकडील खोल पाण्याचा प्रवाह घटल्याचा पुरावा सादर केला.

यातही नवा प्रक्षेप होताच. पापुद्रे विरघळवणारे द्रावण खडकांच्या कणांवरही थोडी क्रिया करते. उत्तर अटलांटिकमध्ये आइसलँडच्या परिसरातील ज्वालामुखीय कण असलेल्या गाळात त्यामुळे उत्तर चुकते, हे पुढील तपासणीत दिसून आले. म्हणून अनेक अभ्यासक पुन्हा फोरामिनिफेरांकडे वळले, पण या वेळी कवचे मुद्दाम न शुद्ध करता, त्यांवरील पापुद्र्यांसह. २०१० मध्ये नॅटली रॉबर्ट्स व सहकाऱ्यांनी बर्म्युडाजवळच्या नमुन्यांवर या रीतीने काम केले. या लेखाच्या सहलेखकांत लॉइड केग्विन यांचे नाव आहे. १९८२ मध्ये स्वच्छ कवचांवरून लिहिलेला इतिहास अठ्ठावीस वर्षांनी अस्वच्छ कवचांवरून तपासला गेला, आणि खोल अभिसरण बदलले होते ही मूळ गोष्ट टिकून राहिली. दोन परस्परस्वतंत्र साधने एकच साक्ष देतात तेव्हा ती साक्ष बळकट होते, हे तत्त्व इतिहासकारांना नवे नाही.

हिंदी महासागर आणि गोवा

हिंदी महासागराच्या अभ्यासाचा पाया १९३३-३४ मधील जॉन मरे मोहिमेने घातला. 'चॅलेंजर'वरील जॉन मरे यांच्याच देणगीतून ही मोहीम निघाली. इजिप्तच्या 'मबाहिस' या जहाजावरून सीमोर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली अरबी समुद्राची पाहणी झाली. सेवेल यांनी त्यापूर्वी भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालकपद भूषवले होते. पुढे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या (१९५९-६५) फलस्वरूप १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावल येथे आहे. १९७६ मध्ये 'गवेषणी' आणि १९८३ मध्ये 'सागर कन्या' ही संशोधन जहाजे उपलब्ध झाल्यानंतर भारतीय अभ्यासकांना स्वतःचे गाळ-नमुने मिळू लागले.

२००५ मध्ये या संस्थेतील राजीव सारस्वत, राजीव निगम व त्यांच्या सहकाऱ्यांनी विषुववृत्तीय हिंदी महासागराचे प्राचीन तापमान मॅग्नेशियमच्या साहाय्याने काढले. शेवटच्या हिमकालात तेथील पाणी सुमारे २ अंशांनी थंड होते, असे त्यांना दिसले. पद्धतींची जागतिक तुलना नुकतीच प्रसिद्ध झालेली असताना हे काम झाले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

अरबी समुद्राची स्वतःची अशी काही वैशिष्ट्ये आहेत. सिंधू नदीने आणलेली माती त्याच्या तळावर फार दूरवर पसरली आहे, त्यामुळे कवचांवरील मातीचा प्रश्न येथे गंभीर होतो. मधल्या खोलीवर ऑक्सिजन अत्यल्प असलेला पाण्याचा जाड थर आहे. तो थर जेथे तळाला टेकतो तेथील गाळात ऑक्साइडांऐवजी गंधकयुक्त खनिजे बनण्यास अनुकूल स्थिती असते. अटलांटिकच्या गाळासाठी बसवलेली रीत येथे डोळे मिटून लावता येत नाही. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ-वेधन कार्यक्रमाच्या ३५५ क्रमांकाच्या मोहिमेने अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यात वेधन करून दीर्घ नमुने मिळवले. मोसमी पावसाचा आणि हिमालयाच्या धूपेचा इतिहास उलगडणे हा त्या मोहिमेचा एक उद्देश होता. हे नमुने जपानमधील कोची येथील संग्रहालयात ठेवले जातात. हिंदी महासागराचे हे दप्तर अशा रीतीने परदेशी दप्तरखान्यात असले, तरी ते अभ्यासकांना रीतसर अर्ज करून मिळू शकते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. प्राचीन सागराच्या रसायनाचे ज्ञान उपकरणांच्या अचूकतेइतकेच नमुना तयार करण्याच्या शिस्तीवर अवलंबून राहिले आहे. कॅडमियमच्या उदाहरणात शुद्धीकरण आधी सिद्ध झाले आणि त्यानंतरच इतिहास लिहिता आला.

२. शुद्धीकरण ही तटस्थ क्रिया नाही. कमी केले तर प्रक्षेप राहतो आणि अधिक केले तर मूळ पाठ झिजतो. मॅग्नेशियमच्या बाबतीत हा फरक जवळजवळ एका अंशाइतका भरला.

३. मळ आणि साधन ही विभागणी प्रश्नसापेक्ष आहे. लोह-मँगनीजचे पापुद्रे एका प्रश्नासाठी अडथळा होते, तर दुसऱ्यासाठी दस्तऐवज.

४. पद्धतीची नोंद हा पुराव्याचाच भाग आहे. नमुना कोणत्या चाळणीतून गेला आणि कोणत्या द्रावणात किती वेळ राहिला, हे न सांगणारा आकडा म्हणजे संदर्भ न देणारे अवतरण होय.

५. हे काम फार मोठ्या प्रमाणावर विद्यार्थी व प्रयोगशाळा-साहाय्यक यांच्या हातून होते. विज्ञानाच्या इतिहासात त्यांच्या कौशल्याची नोंद अपवादानेच होते. ती व्हावयाची तर प्रयोगशाळांच्या कार्यवह्या, धुण्याच्या नोंदी आणि नाकारलेल्या नमुन्यांच्या याद्या यांचे जतन होणे अगत्याचे आहे. गाळाचे नमुने थंड कोठारांत सुरक्षित आहेत; त्यांना साधनाचे रूप देणाऱ्या कागदांचीही तशीच काळजी घेतली गेली, तरच पुढील पिढीला या ज्ञानाची साधनचिकित्सा करता येईल.